गडग्यावरचा उंदीर

दुर्बिणीतून उंदीर फार जवळ दिसतो. आमच्या आगराच्या गडग्यावर, 15 मीटरवर तो बसला होता. पुढच्या दोन पायांत कोवळ्या खोबऱ्याचा तुकडा धरून कुरतडत होता आणि त्याच्या मिशा थरथरत होत्या. विजेरीचा उजेड त्याच्या कानाच्या पातळ कातडीतून आरपार गेला होता. आतली बारीक शीर मला स्पष्ट दिसली. गेल्या मे महिन्यात पुतण्यानं पुण्याहून आणलेल्या एअर रायफलीला डोळा लावून मी हे पाहिलं आणि चाप ओढला. जाडसं पुस्तक मिटावं एवढाच आवाज झाला. उंदीर बसल्या जागी कलंडला, पायसुद्धा झाडले नाहीत.

“काका, एक नंबर!” पुतण्या म्हणाला.

मला आनंद झाला होता. हा सगळा लेख त्या आनंदाबद्दल आहे, म्हणून तो आधी कबूल करतो.

मी 34 वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतर गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो. 46 माड, दीडशेच्या आसपास पोफळी आणि वरच्या अंगाला थोडी भाताची जमीन, एवढं आमचं आगर. उंदीर म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं गटार येतं, पण आमचा उंदीर माडावर राहतो. झावळ्यांच्या बेचक्यात घर करतो, एका माडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर जातो, आठवडाभर जमिनीला पाय न लावता जगू शकतो. तीन ते सहा महिन्यांचं कोवळं फळ त्याला आवडतं. देठाजवळ गोल भोक पाडतो, आतलं पाणी आणि मलईसारखं खोबरं खातो, आणि पोकळ झालेलं फळ सकाळी माडाखाली पडलेलं सापडतं. मागच्या वर्षी मी अशी फळं मोजली, 312 भरली. ज्या घराचा वर्षाचा मीठमसाला नारळावर चालतो त्या घराला हा आकडा लहान नाही.

बंदूक आमच्या घरात नवी नाही. वडिलांची जुनी छऱ्याची बंदूक माळ्यावर होती. नळी मधोमध मोडून आतली स्प्रिंग ताणायची, एक छरा घालायचा आणि नळी सरळ करायची. वडील ती बहुधा आवाजापुरतीच वापरत. 1972 साली मी 11 वर्षांचा होतो. ते गावाला गेले असताना मी ती काढली आणि परसातल्या जास्वंदीवर बसलेल्या लालबुड्या बुलबुलावर झाडली. नेम चुकला असता तर बरं झालं असतं. तो अर्धा लागला. बुलबुल खाली आला, फडफडत करवंदीच्या जाळीत घुसला आणि संध्याकाळपर्यंत तिथून आवाज देत राहिला. मला हात घालायचा धीर होईना. शेवटी आजीनं काट्यांत हात घालून त्याला काढलं, सुपात फडकं घालून ठेवलं, बोटाच्या टोकानं चोचीत पाणी सोडलं. तो रात्री केव्हा तरी मेला. आजी मला मारेल असं वाटलं होतं, पण ती मारायला उठली नाही. एवढंच म्हणाली, “मारलंस ते एक झालं. अर्धवट मारलंस ते दुसरं.”

दोन वेगळे हिशेब आहेत हे मला त्या दिवशी कळलं. ते वेगळे का आहेत हे कळायला आयुष्य गेलं.

पुतण्याची रायफल या दुसऱ्या हिशेबावर चांगलं उत्तर देते, हे मान्य करायला हवं. तिला पीसीपी म्हणतात. तिच्या पोटात सुमारे दोनशे बार दाबाची हवा आधीच भरून ठेवलेली असते. चाप ओढला की त्यातली मोजकी हवा सुटते. स्प्रिंगचा धक्का बसत नाही, म्हणून नळी हलत नाही. छरा शिशाचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा, मध्ये चिमटून डमरूसारखा केलेला असतो. मागचा पोकळ घेर हवेत त्याला सरळ ठेवतो. वारा निवांत असेल तर 25 मीटरवर 5 छरे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे बसतात. जाणकार शिकारी यामुळंच अंतराची मर्यादा पाळतात. डोक्याच्या सुपारीएवढ्या जागेत छरा हमखास बसेल तेवढ्याच अंतरावरून झाडायचं आणि शंका आली तर चाप सोडून द्यायचा. इंग्लंडमध्ये ससे, कबुतरं, उंदीर यांच्यावर एअर रायफल चालवणाऱ्यांची ही जुनी शिस्त आहे. आजीनं सांगितलेलं दुसरं पाप टाळण्याची ती शिस्त आहे, असं मी म्हणेन.

पुतण्या इंजिनियर आहे. मुद्दा धरला की सोडत नाही. दुसऱ्या दिवशी ओटीवर चहा घेताना त्यानं विचारलं, “काका, तुम्ही विष घालता, पिंजरे लावता. त्यात तो तडफडून मरतो. यात त्याला कळतसुद्धा नाही. मग ही रायफल अहिंसेच्या जास्त जवळ नाही का?”

प्रश्न खरा आहे. तो नुसताच झटकून टाकणाऱ्याला मी प्रामाणिक म्हणणार नाही.

विषाचं आधी सांगतो. बाजारात मिळणाऱ्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या मी तीन वर्षं माडांच्या शेंड्यांत ठेवून घेतल्या. हे औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर ते खातो, चालता फिरता राहतो, आणि काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. मधल्या दिवसांत तो सुस्त होतो, उजेडात येतो आणि सहज पकडला जातो. आमच्या विहिरीच्या भिंतीच्या कपारीत गव्हाणी घुबडाची जोडी होती. हृदयाच्या आकाराचा पांढरा चेहरा, रात्री डोक्यावरून जाताना पंखाचा आवाज नाही. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यातलं एक विहिरीपाशी मरून पडलेलं मिळालं, अंगावर जखम नव्हती. मी त्याची तपासणी करून घेतली नाही, त्यामुळं माझ्या वड्यांनीच ते मेलं असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबडं मरतात हे ठाऊक असूनही मी वड्या घालत होतो. दुसरं घुबडही त्यानंतर दिसलं नाही. घुबडांची एक जोडी पिल्लं वाढवताना रात्रीत जेवढे उंदीर नेते, तेवढे मी महिन्यात मारू शकत नाही.

पतंजलींनी हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान्य केलेली. कृत, कारित, अनुमोदित. वर्गात शिकवताना मी हे तिन्ही शब्द फळ्यावर लिहीत असे आणि पुढं सरकत असे. घुबड हातात घेतल्यावर मला मधल्या शब्दाचा अर्थ कळला. विषाची वडी माझ्या वतीनं मारते. मी झोपलेला असतो, कोण मरतं ते मला दिसत नाही, आणि न दिसल्यामुळं ते माझ्या मनाच्या वहीत चढत नाही. या बाबतीत पुतण्याचं म्हणणं मला पटलं. रायफलीनं जे होतं ते माझ्या डोळ्यांदेखत होतं, एकाच जिवाचं होतं आणि माझ्या बोटानं होतं.

पण तेवढ्यानं ती अहिंसेच्या जवळ जाते का?

शिरोळ तालुक्यातला माझा एक जुना मित्र आहे, दिगंबर जैन. दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे मराठी जैन आहेत हे आपल्याकडं पुष्कळांना माहीत नसतं. हा मित्र ऊस करतो, रात्री जेवत नाही, पाणी गाळून पितो. अहिंसेचा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकातला नाही, दर हंगामातला आहे. त्याला फोन केला. त्यानं त्याच्या आईकडून आणि मुनींच्या प्रवचनांतून शिकलेली चार नावं सांगितली. गृहस्थाच्या हातून घडणारी हिंसा चार प्रकारची असते. घरातला स्वयंपाक, झाडलोट यांत होते ती आरंभी. शेतीव्यापार करताना होते ती उद्योगी. स्वतःचं आणि आपल्यांचं रक्षण करताना होते ती विरोधी. आणि मनात धरून, ठरवून केलेली ती संकल्पी. मुनींना चारही वर्ज्य आहेत. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्णपणे सोडता येत नाहीत हे शास्त्रानं ओळखलं आहे, पण संकल्पी त्यानं सोडलीच पाहिजे.

“मग गडग्यावरचा उंदीर कशात बसतो?” मी विचारलं.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, नांगराखाली किडा येतो तेव्हा मी त्याच्यासाठी नांगर धरलेला नसतो. तुम्ही दुर्बिणीतून त्याच्या मिशा बघितल्या. आता ते उद्योगी म्हणू नका.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पडवीत बसून होतो. अचूक हत्याराची खरी अडचण इथं आहे. ते वेदना कमी करतं आणि संकल्प पूर्ण करतं. विष घालताना मी ‘उंदीर’ मारत होतो, रायफलीनं मी ‘हा’ उंदीर मारतो. एका बाजूचं ओझं उतरतं आणि तेवढंच दुसऱ्या बाजूला चढतं. कायदासुद्धा याच अंगानं विचार करतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात मारणं आहे, जखमी करणं आहे, विष घालणं आहे, आणि या सगळ्याचा प्रयत्न करणंही आहे. छरा चुकला तरी शिकार झाली. मी बुलबुलावर बंदूक रोखली त्याच वर्षी हा कायदा झाला.

याच कायद्यात पुष्कळ वर्षं उपद्रवी प्राण्यांची एक यादी होती. तिच्यात उंदीर होते, फळं खाणारी वटवाघळं होती आणि कावळाही होता. 2022 च्या दुरुस्तीनं ती यादीच निघाली. कावळ्याचं नाव त्या यादीत मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वडिलांचं श्राद्ध आठवलं. केळीच्या पानावर भात ठेवून आम्ही सगळे भुकेले त्याची वाट पाहत उभे होतो, आणि तो शिवल्यावर आईच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. तोच पक्षी सरकारी कागदावर उपद्रवी होता आणि आमच्या परसात पितर होता. उंदराचंही तसंच. भाद्रपदात गणपतीच्या पायाशी मातीचा उंदीर बसतो, त्याला आम्ही लाल फूल वाहतो, आणि त्याच दिवशी माळ्यावर पिंजरा लावलेला असतो. याला कुणी ढोंग म्हणेल, मी म्हणणार नाही. उपद्रव हा त्या जिवाचा गुण नाही. माझा माड आणि त्याची भूक जिथं एकमेकांना भेटतात तिथं उपद्रव जन्मतो. त्या जागेच्या बाहेर तो जीव पूज्य राहिला तर त्यात खोटं काही नाही.

आमच्या परंपरेनं या कोंडीवर जे उत्तर दिलं ते मला फार मोठं वाटतं, आणि ते नीट सांगितलं जात नाही याचं दुःख होतं. मनुस्मृतीतल्या बऱ्याच गोष्टी मला मान्य नाहीत, काही तर घोर अन्यायाच्या आहेत. पण तिच्या तिसऱ्या अध्यायात पंचसूना सांगितल्या आहेत, त्यांच्याकडं मी पुन्हा पुन्हा परततो. सूना म्हणजे खाटीकखाना. प्रत्येक गृहस्थाच्या घरात असे 5 खाटीकखाने असतात : चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. चुलीत जीव जळतात, वरवंट्याखाली चिरडतात, केरसुणीनं मरतात, उखळात कांडले जातात, पाण्यात बुडतात. घरातल्या सगळ्यांत साध्या, सगळ्यांत पवित्र मानलेल्या वस्तूंना शास्त्रकारानं हे नाव दिलं. गृहिणीच्या हातातली केरसुणी आम्ही लक्ष्मी म्हणून पूजतो आणि तिचंच नाव खाटीकखान्याच्या यादीत आहे. या जिवांची गणना नाही, हे तर चालायचंच, असं तो म्हणाला नाही. रोज हत्या होते असं म्हणाला आणि त्याचं देणं म्हणून रोजचे 5 यज्ञ लावून दिले. त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे इतर जिवांचा वाटा.

माझे आजोबा वैश्वदेव करीत. स्वयंपाकातला पहिला घास अग्नीला, मग दाराबाहेर गाय, कुत्रा, कावळा, मुंगी यांच्यासाठी. लहानपणी मला ते कर्मकांड वाटे. आज वाटतं की ती एक प्रकारची कबुली होती. या घरात सकाळपासून जीव गेले आहेत, आम्हाला ठाऊक आहे, आणि आम्ही ते विसरणार नाही. चूल बंद करता येत नाही म्हणून चुलीला निर्दोष ठरवायचं नाही, हा त्यातला कणा आहे.

महाभारतातल्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध हेच सांगतो. कौशिक नावाचा विद्वान ब्राह्मण त्याला मांसाच्या दुकानात गाठतो आणि त्याच्या घरी जाऊन त्याचं ऐकतो. नांगरानं जमिनीतले किती जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे, चालताना पायाखाली किती येतात, असं व्याध त्याला दाखवून देतो. हा भाग मांसाहाराच्या समर्थनासाठी पुष्कळ जण सांगतात. ते त्याच्याच तोंडचं एक बोलणं गाळतात. आपलं काम घोर आहे, यात शंका नाही, असं तो स्वतः म्हणतो. सगळेच मारतात म्हणून माझं मारणं स्वच्छ, असा निष्कर्ष त्यानं काढलेला नाही.

तुकोबांची गोष्ट मात्र मला अडवते. शेजाऱ्याच्या शेताची राखण करायला ते माळ्यावर बसले. पाखरं आली, आणि त्यांच्यात विठ्ठलच दिसत असल्यामुळं त्यांनी एकालाही हाकललं नाही. मालकानं येऊन पाहिलं तर पाखरं सुखानं दाणे टिपत होती. तंटा झाला, आणि मळणीत मात्र नेहमीपेक्षा जास्त धान्य भरलं. महीपतींनी लिहिलेल्या चरित्रामुळं ही कथा घरोघर पोचली. मी ती अनेकदा मुलांना सांगितली, आणि प्रत्येक वेळी मागच्या बाकावरचा एखादा शेतकऱ्याचा मुलगा विचारी, “सर, पण धान्य वाढलं नसतं तर?” त्याला मी कधीच सरळ उत्तर दिलं नाही. आज देतो. धान्य वाढलं नसतं, तर तुकोबांनी दुसऱ्याच्या घासातून पाखरांना चारलं असं झालं असतं. चमत्कारानं ते देणं फेडलं. माझं आगर माझं आहे, म्हणून चमत्काराची गरज नाही. किती फळं उंदराला सोडायची हे मी ठरवू शकतो. 312 नाहीत, पण शून्यही नाही. आकडा शून्यावर आणायचा हट्ट धरला की रायफल कधीच खाली ठेवता येत नाही, हे पुतण्याला पटवायला मला चार संध्याकाळी लागल्या.

त्याची खरी इच्छा माकडांची होती. आमच्याकडं लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाचे वानर दोन्ही येतात. कौलं फोडतात, फणस, आंबा, शहाळी काही ठेवत नाहीत. माकडांपायी भाजीपाला लावणं सोडून दिलेली घरं मी एका वाडीत 7 दाखवीन. “एकाला नुसता पार्श्वभागावर छरा मारला की टोळी परत येणार नाही,” असं पुतण्याला कुणी तरी सांगितलं होतं. कायद्यानं तो गुन्हा आहे, हे एक. आणि आजीच्या हिशेबानं ते नेमकं दुसरं पाप आहे, मुद्दाम अर्धवट मारण्याचं. कातडीत शिसं घेऊन कुजत जगणारं माकड मी पाहिलं आहे. त्याची जखम चाटणारं पिल्लूही पाहिलं आहे. या एका बाबतीत मी वाद घातला नाही. रायफल हातातून काढून घेतली.

माकडांच्या प्रश्नावर गांधीजींचा 1928 चा लेख मला सगळ्यांत सरळ वाटतो. साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होतं. गांधीजींनी त्याला इंजेक्शन देऊन मृत्यू दिला आणि देशभर गदारोळ उठला. त्यांनी उत्तर देताना दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. वासराला मारणं त्यांनी अहिंसेत धरलं, कारण त्यात आपला कुठलाच लाभ नव्हता, फक्त त्या जिवाची सुटका होती. आश्रमाची फळंभाजी नासणाऱ्या माकडांना मारणं मात्र त्यांनी हिंसाच म्हटलं. ती हिंसा टाळता येईलच याची त्यांनी ग्वाही दिली नाही, पण तिचं नावही बदललं नाही. पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. मी वाचवतो तो माझा नारळ. उंदराला वेदना झाली नाही हे चांगलंच, पण त्याच्या सुखासाठी मी छरा झाडलेला नाही. म्हणून ती हिंसा आहे, आणि हवेवर चालते, आवाज करत नाही, नाण्याएवढ्या जागेत बसते म्हणून तिला दुसरं नाव देता येणार नाही.

नाव न घेता काम करून घ्यायची आपली सवय जुनी आहे. 2016 साली बिहारमध्ये मोकामा भागात नीलगायींनी पिकं उद्ध्वस्त केली, तेव्हा बाहेरून नेमबाज आणून त्या मारल्या गेल्या. नावात गाय असलेल्या जनावरावर गावातल्या माणसाचा हात उठेना. त्याच वर्षी शिमला शहरातली माकडं केंद्र सरकारनं उपद्रवी जाहीर केली, तरी तिथले लोक हनुमानाच्या भयानं आणि प्रेमानं मारायला पुढं झाले नाहीत. त्या न उठलेल्या हातांबद्दल मला आदर आहे. पण हात आपला उठत नाही म्हणून दुसऱ्याचा भाड्यानं आणायचा, यातला ‘कारित’ कुणाच्या खात्यावर जातो? आपल्याकडं फासेपारध्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तित्तर-लाव्हे धरले, ते विकत घेणारे वेगळे होते, आणि 1871 च्या कायद्याच्या सावलीत गुन्हेगार ठरले ते पारधी. मारणाऱ्याला खालचा आणि खाणाऱ्याला वरचा मानणारा समाज अहिंसक नसतो. मी मारणार असेन तर मीच मारीन, गड्याला 200 रुपये देऊन मारायला लावणार नाही, हे मी त्या आठवड्यात ठरवलं.

आनंदाचं राहिलं. छरा बरोबर बसला तेव्हा मला झालेला आनंद नारळ वाचल्याचा नव्हता. तो नेमाचा आनंद होता, आणि नेमाचा आनंद फार मोठा असतो. 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. श्वास रोखणं, हृदयाच्या दोन ठोक्यांमधली जागा शोधणं, बोटाला आपल्या नकळत दाबू देणं, हे ध्यानाच्या फार जवळचं आहे. म्हणूनच ते जिवावर लावायला नको. पीक राखायला निघालेला माणूस नेमाच्या गोडीत सापडला की त्याला उंदीर पुरत नाही. मग गडग्यावर होला येऊन बसतो, मुंगूस येतं, आणि बोट आपोआप चापावर जातं. मी पुतण्याला सांगितलं, “आनंद हवा असेल तर कागदावर घे. पुण्यात बालेवाडीला रेंज आहे. इथं आलास तर आनंदाशिवाय झाडता येईल तेव्हाच झाड.”

“आनंद होतोय की नाही ते कसं ठरवायचं, काका?”

तेव्हा मला सालीम अलींच्या लहानपणीची गोष्ट आठवली. मुंबईत मामांच्या घरी वाढणाऱ्या या मुलाला छऱ्याची बंदूक मिळाली होती. एकदा त्यानं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याला पिवळा डाग होता. अशी चिमणी त्यानं पूर्वी पाहिली नव्हती, आणि मुसलमान म्हणून ती खायला चालते की नाही असा प्रश्न त्याला पडला. म्हणून तो तिला घेऊन मामांकडं गेला, आणि त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडं पाठवलं. पुढचं भारताच्या पक्षिविद्येत लिहिलेलं आहे. ही गोष्ट नेहमी शास्त्रज्ञाच्या उदयाची म्हणून सांगतात. मला तिच्यात धर्मशंका महत्त्वाची वाटते. खाण्याआधी तो थांबला. मेलेला जीव त्यानं हातात धरून नीट पाहिला, आणि याच्यावर माझा हक्क आहे का, असं विचारलं. त्या थांबण्यातून बाकी सगळं निघालं.

म्हणून आमच्याकडं आता नियम असा आहे. झाडायचं ते फक्त गडग्यावर, मागं चिऱ्याची भिंत असताना, 15 मीटरच्या आत. माडाच्या शेंड्याकडं नळी वर करायची नाही, तिथून सुटलेला छरा कुठं जाईल ते दिसत नाही. पक्षी नाही, माकड नाही, मुंगूस-उदमांजर नाही. धामण दिसली तर तिची वाट सोडायची, ती आमच्यापेक्षा हे काम चांगलं करते. मारलेला उंदीर फेकायचा नाही. जाऊन हातात घ्यायचा, कंदिलाच्या उजेडात पाहायचा, मादी आहे का, पोटात पिल्लं आहेत का, हे पाहायचं आणि माडाच्या आळ्यात पुरायचा. मग वहीत तारीख लिहायची. हा शेवटचा भाग पुतण्याला जड जातो. मलाही जातो. ज्या रात्री तो जड जात नाही त्या रात्री पुन्हा रायफल काढायची नाही.

विष बंद केलं आहे. पावसाळ्याआधी 39 माडांना जमिनीपासून 2 मीटरवर गुळगुळीत पत्र्याचे पट्टे ठोकून घेतले. उंदराची नखं पत्र्यावर धरत नाहीत. उरलेल्या 7 माडांच्या झावळ्या शेजारच्या आंब्यात आणि फणसात गुंतलेल्या आहेत, तिथं पट्ट्याचा उपयोग नाही. त्यांच्या फळांतला वाटा मी सोडला आहे. विहिरीच्या कपारीत घुबडासाठी एक लाकडी पेटी बसवली आहे. ती अजून रिकामी आहे.

वहीत मे महिन्यापासून आजपर्यंत 11 नोंदी आहेत. पहिल्या दहांपुढं मी फक्त तारीख लिहिली आहे. अकरावीपुढं लिहिलं आहे : जखमी, गडग्याच्या फटीत गेला, सापडला नाही.